झाकून ठेवलेलं ताट

६ जानेवारी, शनिवार. हजर : बारावी कलेच्या एकोणीस मुली आणि बारा मुलगे, मी, भोये सर, गाडीचा ड्रायव्हर. एकूण चौतीस. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मोखाड्यात मी बावीस वर्षं भूगोल शिकवतेय. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. माझा विश्वास यादीवर. जे लिहिलं ते होतं, जे लिहायचं राहिलं ते राहतं... म्हणून घडलं तसंच क्रमाने लिहिते.

आधी लहानू मामांविषयी सांगायला हवं. लहानू मामा आमचे शिपाई. शाळेच्या सहलीची एक पद्धत त्यांनीच पाडलेली होती – मामा आदल्या दिवशीच पुढे जायचे. कधी एसटीने, कधी मिळेल त्या जीपने. चहावाल्याला सांगायचं, जेवणाचं बघायचं, गाडी कुठे वळेल, कुठला दगड हलतो, पाणी कुठे खोल आहे, सगळं पाहून ठेवायचं. आम्ही पोचायचो तेव्हा मामा रस्त्याच्या कडेला उभे. छत्रीची मूठ मागून शर्टाच्या कॉलरला अडकवलेली. बाराही महिने. आणि जेवायला सगळ्यांत शेवटी. कितीही आग्रह करा, "पोरां जेवूं दे, बाई," एवढंच.

त्याआधीच्या भाद्रपदात मामा गेले. न्यूमोनिया झाला होता. त्यांच्या गावी, साखरशेतला, दिवसांना आम्ही सगळे जाऊन आलो. त्यामुळे यंदा पुढे जायला कोणी नव्हतं. सहल दाभोशाच्या धबधब्याला होती. मी तिथल्या काशीबाईंना फोन करून चौतीस जणांचं जेवण सांगितलं. सहलींना त्या घरी जेवण करून देतात. त्यांना मी कधी भेटले नव्हते.

एक नाव मात्र यादीत राहणार की नाही, यावर आठवडाभर वाद चालला. संगीता, जामसरची. तिला फिट येते. गोळ्या चालू होत्या, पण प्राचार्यांचं म्हणणं, धबधब्याच्या ठिकाणी हा धोका नको. वडील वीटभट्टीवर, संमतीपत्रावर आजीचा अंगठा. संगीता स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, "बाई, परीक्षा झाली का मी पण भट्टीवर जाणार. मंग मला कोण नेणार?" मी तिच्या नावासमोर 'जबाबदारी माझी' असं लिहून सही केली.

पहिला थांबा जव्हार. टपरीपाशी उतरलो तर चहा तयार. चौतीस कप, त्यातला एक बिनसाखरेचा... तो माझा. मला वाटलं सरांनी फोन केला असेल. सर म्हणाले, "बाई, तुम्ही काही राहूच देत नाही." म्हणजे त्यांना वाटलं, मी केला असेल. मुलं गाडीत चढत होती, त्या गडबडीत विषय तिथेच राहिला.

सव्वाबाराला आम्ही दाभोशाच्या पायऱ्या उतरायला लागलो. मी ठरवलं होतं, संगीता वर सरांजवळ बसेल. पण तिने काही मागितलं नाही, नुसती कठड्याला धरून उभी राहिली. ते मला बघवेना. अर्ध्यापर्यंत चल म्हटलं, अट एकच – माझा हात सोडायचा नाही.

तिने सोडलाही नाही. मी सोडला.

तिसऱ्या वळणावर पुढची मुलं एकेक करून वळणाआड जायला लागली. मी सवयीने थांबले आणि मोजायला लागले. मोजताना मला बोट लागतं. एक, दोन, तीन... अकराव्या मुलापर्यंत आले आणि मागे काहीतरी घसरल्याचा आवाज आला. त्या वळणाला एका बाजूला सरळ खाली उतार आहे. संगीता त्याच बाजूला कलली होती, डोळे फिरलेले.

ती पडली नाही. पायरीवर एक म्हातारी बाई बसली होती. येताना मला वाटलं, करवंदं-बिरवंदं विकायला बसली असेल. जानेवारीत करवंदं नसतात हे तेव्हा सुचलं नाही. तिने संगीताला दोन्ही हातांनी कंबरेला धरून आत ओढलं आणि डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. मी संगीताला कुशीवर वळवलं, घड्याळात वेळ धरली. दोन मिनिटांत फिट ओसरली. तोपर्यंत म्हातारीने पदराने तिचं तोंड पुसलं होतं.

त्या काशीबाई. जेवण सुनेवर टाकून त्या सकाळपासून तिथे बसल्या होत्या. मी विचारलं, इथे का?

त्या म्हणाल्या, "तुमचाच माणूस सांगून गेला ना काल दुपारचा. तिसऱ्या वळणाला बस म्हणला. एक पोर आहे, तिला धर. बाईंचा हात मोजाया सुटतो."

तेव्हा मी ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. संगीताला तिथल्याच एका जीपमध्ये घालून जव्हारला दवाखान्यात नेणं हे पहिलं काम होतं. सकाळच्या घाईत तिने गोळीच घेतली नव्हती. मामा असते तर गाडीत चढतानाच विचारलं असतं... माझ्या यादीत तो प्रश्न नव्हता. डॉक्टरांनी तपासून संध्याकाळी सोडलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "बाई, धबधबा दिसला मला. वळणावरून." मग खिडकीला डोकं टेकून झोपली.

दुसऱ्या दिवशी काशीबाईंचा फोन. संगीताची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, तुमचा माणूस जेवायला आलाच नाही. पस्तिसावं ताट त्याचं होतं. पोरं जेवल्यावर जेवेन म्हणाला होता, म्हणून संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं.

मी विचारलं, दिसायला कसा होता?

"म्हातारा. छत्री मानंमागं अडकवलेली. मी हसली, थंडीत कसली छत्री?"

मी स्वतःच्या परीने सगळं तपासलं. शाळेतून कोणी गेलं नव्हतं. जव्हारच्या चहावाल्यालाही छत्रीवाल्यानेच सांगितलं होतं, सहलीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. मामांनी आदल्या वर्षी सांगून ठेवलं असेल म्हणावं, तर आदल्या वर्षी आम्ही त्या बाजूला गेलोच नव्हतो. कोणी थट्टा केली म्हणावं, तर त्याला बिनसाखरेचा चहा कळेल, संगीताची फिटही कळेल. पण मी हात सोडणार, आणि तोही तिसऱ्या वळणावर, हे कोणाला कळणार? मलाच माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी साखरशेतला मामींकडे गेले. त्या अंगणात नाचणी पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं, त्यांनी सूप थांबवलं नाही. मामांची छत्री आत खुंटीला होती.

"समदी पोरां जेवली का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणणार होते. मग सवयीने मोजलं. एकतीसपैकी तीस जेवली होती. संगीता माझ्याबरोबर दवाखान्यात होती. तिथे तिने बिस्किटं खाल्ली, ते काही जेवण नव्हे.

"मंग तो कसा जेवल?" मामी म्हणाल्या आणि पाखडत राहिल्या.

याचं स्पष्टीकरण मला देता येत नाही, आणि कोणी दिलं तर मी ते शांतपणे ऐकेन. संगीता पास झाली. निकालाच्या आधीच ती भट्टीवर गेली. फोन लागतो कधी कधी. गोळी रोज घेते म्हणते. जेवायला ये म्हटलं की म्हणते, "सुट्टी भेटली का येईन, बाई."

त्या सहलीची यादी माझ्या पर्समध्येच आहे. पस्तिसावी ओळ मी नंतर लिहिली, मामांची. सगळ्या ओळींवर खूण झाली, दोन सोडून. काशीबाईंना सांगून ठेवलंय – दाभोशाला दोन पानं वाढायची आहेत. आधी संगीताचं, ती जेवून उठली की मामांचं. तारीख अजून टाकलेली नाही.