विहीर आटल्याचा आनंद
विहिरीचा दोर बदलताना त्यातली जुनी गाठ हाताला लागली आणि पाळी गावातली ती दिवाळी आठवली. गावची खाण बंद होती, तिथलं खनिज वाहणारा बाबांचा ट्रक फणसाखाली गंजत होता, आणि ऐन दिवाळीत आमची विहीर आटली. दोर पुरेना म्हणून बाबा त्याला तुकडा जोडत होते, तेही हसत. "लोक विहीर आटली की रडतत, ह्यांका पेढे वाटूचे आसत," आई म्हणाली. बाबांनी मला विचारलं, "दिवाळीक ही विहीर कधी आटता? खाणीच्या खड्ड्यातला पाणी उपसतत तेव्हाच. म्हणजे खाण सुरू होतली. तू शिकलेलो, सांग, खंय चुकला?" घरातला पहिला पदवीधर मी. कळशीतून आलेल्या लाल चिखलाचा वास घेत खूप विचार केला, पण चूक सापडली नाही. दुपारी ट्रक विकत घ्यायला आलेल्या माणसाला बाबांनी चहा पाजून परत पाठवलं. पुढे कळलं की वरच्या माळावर नव्या बंगल्यांसाठी बोअर मारल्या होत्या, विहीर त्यांनी आटली होती; खाण बंदच होती. ट्रक घ्यायला आलेला तो माणूस पुन्हा आला नाही. बाबा एवढंच म्हणाले, "पण मी म्हटला ता बरोबर होता मा?" "बरोबरच होतं," मी म्हटलं. ट्रकच्या हौद्यात आता रानझाडं उगवलीत, आणि मला अजून चूक सापडलेली नाही.