पोट शिवून घेतल्यानंतरची पानगळ

बारामतीत माझं खता-औषधांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या गोदामात पोती मोजायचा काटा होता. मी माझं वजन त्या काट्यावर करायचो. दवाखान्यातला काटा माणसांसाठी बनवलेला असतो, त्याला माझा आवाका झेपायचा नाही. पोत्यांच्या भाषेत मी अडीच पोती भरायचो, वर थोडं सांडलेलं.

याच वजनावर माझं लग्न ठरलं. मुलगी इंदापूर तालुक्यातल्या एका डाळिंबवाल्याची, एम.ए. झालेली. बघायला गेलो तेव्हा मी पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली होती. परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "संपलं. आता ही माणसं कळवतो म्हणतील आणि कळवणार न्हाईत." त्यांनी तिसऱ्या दिवशी होकार कळवला. कारण कुणालाच उमगलं नाही, मला तर नाहीच. शहाण्या माणसानं अशा वेळी तोंड मिटून मुहूर्ताची वाट बघावी.

साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर झाला. मी पाटावर बसायला लागलो तेव्हा मांडवातून कुणीतरी ओरडलं, "नवरदेवाला दोन पाट जोडून द्या रे!" सगळा मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. ते हसू मला घरी आल्यावर झोंबलं. महिन्याभरात मी मुंबईच्या एका डॉक्टरसमोर बसलो होतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि पोट लहान करण्याचं ऑपरेशन तिकडं नुकतंच होऊ लागलं होतं. जठराला आतून टाचण्या मारायच्या आणि वरच्या बाजूला वाटीभर जिन्नस मावेल एवढाच खिसा ठेवायचा. डॉक्टरांनी मला पुढचं सगळं समजावून सांगितलं. काय खायचं, काय चावायचं, कुठल्या गोळ्या घ्यायच्या, कुठल्या महिन्यात काय होईल. मी मान डोलवत होतो आणि मनात नवरदेवाचा सूट शिवून घेत होतो.

बारामतीत आईनं "हर्नियाचं झालं" असं सांगितलं. इंदापूरला आम्ही काहीच सांगितलं नाही. लग्नात एकदम बारीक होऊन उभं राहायचं आणि मांडवाचं तोंड बंद करायचं, असा माझा बेत होता. मुलीच्या बाजूनं हा बेत कसा दिसेल, हा विचार मी केला नाही. तिला तर आनंदच होईल, हे मी धरूनच चाललो होतो.

वजन उतरायला लागलं. लोकांनी कारण विचारलं तर मी सांगायचो, "पहाटे चालतो." एकदा सांगितल्यावर चालणं भाग पडलं. चार दिवसांत मार्केट यार्डातले दोन अडते माझ्यासोबत चालायला लागले, मग एक कापडवाला आला, मग त्याचा मेहुणा. मी पुढं आणि मागं हे सगळे पोटं सावरत. "काय जादू हाय मालक तुमच्या चालीत!" असं म्हणायचे. त्यांचं वजन तसूभर हललं नाही. माझं हलत होतं, कारण मी दिवसभर ताक आणि ज्वारीच्या पातळ कण्या यांवर होतो. डॉक्टर खा म्हणाले होते त्यातली डाळ, पनीर, अंडी मी कधीच सोडून दिली होती. कमी खाऊन एवढं उतरतं, तर आणखी कमी खाल्लं तर किती उतरेल, असा माझा हिशेब. खत जास्त टाकलं की ऊस जास्त येतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी रोज याच हिशेबावरून झापायचो.

होळीच्या सुमाराला केस जायला लागले. आधी कंगव्यात, मग उशीवर, मग मोरीच्या जाळीत. एक दिवस ताकात. आईनं वाटी माझ्यापुढून उचलली आणि म्हणाली, "आता ताकबी शाकाहारी राहिलं न्हाय." डोक्यावरून हात फिरवला की बोटांत झुपका यायचा. टाळू चमकायला लागली. पहाटेच्या फौजेनं दोन दिवस मागून निरीक्षण केलं आणि तिसऱ्या दिवशी कुणी आलंच नाही. यार्डात बातमी पसरली, की जास्त चालल्यानं टक्कल पडतं. कापडवाल्याचा मेहुणा तर काही दिवस दुकानातल्या दुकानातही खुर्चीवरून उठेना.

मग मी उपाय केले. कांद्याचा रस लावला. गिऱ्हाइकं दारातूनच औषध मागायला लागली. माक्याचं तेल लावलं. शेवटी स्वतःच्या दुकानातल्या फडताळाकडं लक्ष गेलं. समुद्री शेवाळाचा अर्क. मी तो शेतकऱ्यांना "मारा फवारा, आठ दिवसांत फूट बघा" म्हणून विकायचो. उसाला चालतं ते मालकाला का चालू नये? फवारणीच्या हातपंपात पाणी घेतलं, माप टाकलं आणि गोदामात उभं राहून डोक्यावर एकसारखी फवारणी केली. वारा नव्हता, परिस्थिती फवारणीला उत्तम होती. संध्याकाळपर्यंत डोकं लालबुंद होऊन खाजायला लागलं आणि मला सुकटीचा वास यायला लागला. आमच्या गल्लीतलं एक मांजर, जे आजवर मला ओळखही दाखवत नव्हतं, ते घरापर्यंत सोबत आलं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीडी बूथवर गेलो आणि मुंबईला डॉक्टरांना फोन लावला. लाइन खरखरत होती, त्यामुळं ओरडून बोलावं लागत होतं.

डॉक्टर पलीकडून शांतपणे सांगत होते, की तीन-चार महिन्यांनी केस जाणार हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं. ऑपरेशनचा धक्का, झपाट्यानं उतरलेलं वजन, असं झालं की शरीर आधी जीव सांभाळतं आणि केसांचं काम थांबवतं. मुळं मेलेली नाहीत. काही महिन्यांत परत येतील, पण पोटात प्रथिनं गेली पाहिजेत. "काय खाता?" त्यांनी विचारलं. मी "ताक" म्हणालो. मग म्हणाले, रक्त तपासून घ्या, लोह कमी असणार, आणि आजपासून नीट खा.

हे सगळं मला ऐकू येत होतं. बूथच्या बाहेर नंबर लावून उभ्या असलेल्या माणसाला फक्त माझी बाजू ऐकू येत होती. ती अशी:

"हो डॉक्टर, वजन पार उतरलंय... केस मुठीमुठीनं जातायत... रक्त तपासू?... नाही, कुणाला सांगितलेलं नाही... सासरच्यांना तर अजिबात नाही!"

बाहेर आलो तर तो माणूस माझ्याकडं बघत होता. माझं जुनं गिऱ्हाईक, इंदापूरच्या बाजूचा, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या शिवेला शीव असलेला. मी दिलेले सुट्टे पैसे बूथवाल्यानं टेबलावरच राहू दिले, हातात घेतले नाहीत.

त्या वर्षांत उतरलेलं वजन, गळलेले केस आणि मुंबई या तीन गोष्टी एकत्र आल्या की लोकांना चौथी विचारायची गरज वाटत नसे. एड्स म्हणायचंही धाडस कुणी करत नसे, "तसलं" म्हणत. आठवड्याभरात माझ्या दुकानात चहाचे कप काचेचे जाऊन कागदी झाले. न्हाव्यानं वस्तरा नवीन आहे हे मला तीनदा दाखवलं आणि मग दाढी केलीच नाही. मला तर आजार नव्हता, मला हसता येत होतं. ज्यांना खरंच असेल ते घरी जाऊन काय करत असतील, हे मनात आलं तेव्हा मात्र हसता आलं नाही.

मग एक दिवस आबा, म्हणजे माझे होणारे सासरे, दुकानात आले. मी टोपी घालून बसलो होतो.

"पावणं, बुरशीवर काय हाय?"

"पानावर ठिपके दिसतात का, आबा?"

"पानावर न्हाय." त्यांची नजर टोपीवरून हलेना. "दुकानात टोपी कशापायी?"

"ऊन लागतंय."

"छपराखाली?"

"पत्रा तापतो ना."

आबांनी वर पाहिलं. वर स्लॅब होता.

"बरं," ते म्हणाले. "लगीन जरा म्होरं ढकलावं म्हणतो. बाग ताणावर हाय, मला उसंत न्हाय." आणि बुरशीनाशक न घेताच गेले.

ढकललेलं लग्न म्हणजे मोडलेलं लग्न, एवढं मलाही कळत होतं. मी आईला म्हणालो, "आता काय करायचं?"

"जा आणि सांग की खरं," आई म्हणाली. "पोट शिवून घेतलंस, जीभ न्हवती शिवली."

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली. लासुर्ण्याच्या पुढं टोपी उडून कालव्यात गेली, त्यामुळं पोचलो तो उघड्या डोक्यानं. आबा बागेत होते. मृगाच्या पावसावर झाडं फुलावीत, म्हणजे मृग बहार धरायचा, म्हणून त्यांनी डाळिंबांचं पाणी तोडलं होतं. झाडं पिवळी पडून पानं गाळत होती, खाली सडा पडला होता. मी त्या सड्यात उभं राहून सगळं सांगितलं. ऑपरेशन, टाचण्या, ताक, फवारणीसुद्धा.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "पोट शिवून घेतलं," ते म्हणाले. "आन वर पैसं दिलं."

"हो."

"मग त्ये तसलं न्हाय?"

"नाही आबा. बघा, तुम्ही बागेचं पाणी तोडलं. झाडाला ताण बसला, पान गळलं. म्हणून झाड मेलं का? मुळी जिवंत आहे. माझंही तसंच आहे. ही पानगळ आहे."

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं, की दुकानात बसून दहा वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगणाऱ्या माणसाला ते स्वतःच्या डोक्याबद्दल आत्ता का सुचलं, याचा विचार नंतर केला.

"ताण आमी मोजून देतो," आबा म्हणाले. "तुमी तर पाणी तोडून इसरूनच गेला."

तेवढ्यात आबांची मुलगी घराकडून पाण्याचा तांब्या घेऊन आली. सगळं ऐकलं असावं, कारण तांब्या माझ्या हातात दिला नाही, खाली बांधावर ठेवला.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "मला तीन स्थळं आली होती. दोन बारीक होते. पोहे चिमणीसारखे टिपत होते आणि पगार वाढवून सांगत होते. तुम्ही दुसरी बशी मागितलीत. मला वाटलं, या माणसाला काही लपवता येत नसेल. म्हणून हो म्हटलं."

मी टोपी सारखी करायला हात वर नेला, पण टोपी कालव्यात होती.

"म्हणजे मी हो म्हटलं तो जाड माणूस होता. तो कुठंय? हा कोण आलाय?"

"मांडवात लोक हसले," मी म्हणालो. "दोन पाट म्हणाले."

"मी पण हसले. तुम्हीही हसत होता. झोंबलं होतं तर सांगायचं होतं. ऑपरेशनलाही मी नको म्हटलं नसतं. कदाचित सोबत आले असते." तिचा आवाज जरा चढला. "न सांगता गेलात. आणि आता सगळं गाव मला विचारतंय, की तुझ्या नवऱ्याला काय झालंय. मला माहीतच नाही. माझ्या नवऱ्याचं मला बूथवरच्या माणसाकडून कळतंय!"

मी म्हणालो, "रक्त तपासून रिपोर्ट आणून देतो."

"द्या. मीही देते."

"तू कशाला?" आबा दचकले. "लोकं काय म्हणतील?"

"लोक म्हणतायतच की, आबा. ह्यांचं बघायचं तर माझंही बघू द्या. लग्न दोघांचं आहे."

आबांनी एक पिवळं पान उचललं, चुरगाळलं आणि टाकलं. ती पाणी न विचारताच घरात गेली. लग्न होणार की नाही, हे मला तिनं सांगितलं नाही, आणि विचारायची माझी प्राज्ञा नव्हती.

दोघांचं रक्त बारामतीतच तपासलं. माझ्यात तसलं काही नव्हतं, पण लोह जवळपास नव्हतं. तिचंही स्वच्छ. तिनं दोन्ही कागद वाचले, माझा घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "अंडी खाता का?" मी हो म्हणालो. मग ती इंदापूरच्या गाडीत बसली.

त्यानंतर आबा बाजारच्या दिवशी दुकानात यायला लागले. पिशवीत घरची अंडी, भिजवलेली मटकी, कधी शेंगदाणे. देऊन जायचे नाहीत. समोर बसायचे आणि मी खाईपर्यंत हलायचे नाहीत. वाटीभर पोटात दोन अंडी जायला अर्धा-पाऊण तास लागायचा. तेवढ्यात येणारं गिऱ्हाईक बघायचं, की दुकानदार घास चावतोय आणि एक म्हातारा त्याच्यावर नजर रोखून बसलाय. "उधारी थकली वाटतं मालकाची," असं एकजण बाहेर जाऊन म्हणाला. पण आबा माझ्याच कपातून चहा पितात हेही लोकांनी बघितलं. काचेचे कप हळूहळू परत आले. गोळ्या मी नेमानं घ्यायला लागलो. केस मात्र जातच राहिले, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढे दिवस. त्याला माझ्याकडं उपाय नव्हता, आणि तो शोधायचा नाही एवढं मी शिकलो होतो.

आषाढात आबांनी बागेत बोलावलं. झाडं फुलांनी लाल झाली होती. आबांनी मला उन्हाकडं तोंड करून उभं केलं, डोकं खाली दाबलं आणि अंगठा टाळूवर उलटा फिरवला, जसा ते फुटीचे डोळे फुगलेत का बघायला फांदीवर फिरवतात.

"खरबरीत लागतंय," ते म्हणाले. "ए, बघ गं हिकडं!"

ती आली. तिनं हात लावला नाही. बराच वेळ नुसतं बघत राहिली. केस उगवले होते, पण नांग्या पडलेल्या उसासारखे, इथं दाट तिथं काही नाही. मान खाली असल्यामुळं मला तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. पूर्वी पोटामुळं मला स्वतःच्याही दिसायच्या नाहीत. त्या चपला निघून जातात का, एवढंच मी बघत होतो. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"आबा," ती म्हणाली, "दिवाळीनंतरची तारीख काढा. पण तोपर्यंत ह्यांना आता स्वतःच्या मनानं काही करून घेऊ देऊ नका."