चिमणीच्या दातांचा आवळा

दुपारचे अडीच. जेवण झालंय, खाटेवर आडवा पडलोय, फोन छातीवर. चार वाजता आत्ती येणार आहे, फाईल घेऊन. डोळे मिटतात, उघडतात, परत मिटतात. फोन घसरतो. तो धरायला एक हात पुढे येतो. माझा नाही.

भरतेशचा आहे. मनगटावर सुईचा काळा डाग तसाच.

"सरक की शित्या."

मी सरकतो. तो आत्तीचा मुलगा, माझ्याच वयाचा. जाऊन चौदा महिने झालेत. हे मला झोपेतही नीट माहीत आहे. तरी भीती वाटत नाही.

"केस आले की तुझे."

"मग. आता कोण काढतंय."

खाट शाळेच्या मागच्या कठड्यावर आहे. आमचे पाय खाली लोंबतायत. त्याच्याकडे एक आवळा आहे. शर्टाचं टोक तो आवळ्यावर ताणतो, कापडावरनंच कचकन तोडतो, अर्धा मला देतो. चिमणीचे दात. मधे कापड आलं की उष्टं होत नाही, हा आमचा लहानपणचा कायदा. आमचं जैनांचं घर. नळालाही फडकं बांधलेलं असतं, गाळल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. कापडावर आमचा फार विश्वास.

मी आवळा घेत नाही.

"घे की."

"नको."

"का रं?"

आता सांगायला पाहिजे. मी पाणी शुद्ध करायच्या मशिनी बसवतो. कुणी शिकवलं नाही, व्हिडिओ बघून शिकलो. कुठल्या फिल्टरला केवढं भोक असतं, कशातनं काय आरपार जातं, हे मला पाठ आहे. फडक्यात मुंगी अडकते, कचरा अडकतो. विषाणूला ती भोकं म्हणजे गावची वेस.

"दहावीत मला ताप आला होता, आठवतो?"

"तीन आठवडे. मानेला गाठी. बेडकागत दिसत होतास."

"तू रोज येत होतास. आवळे घेऊन."

"बरं मग?"

"तुझ्या रिपोर्टात शेवटी एक ओळ आहे. ईबीव्ही पॉझिटिव्ह. हा विषाणू थुंकीतनं जातो. माझा ताप बहुतेक त्याचाच होता. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि जन्मभर तिथंच बसतो, गप. हजारो लोकांत एखाद्याच्या त्या पेशी बिघडतात. कॅन्सर होतो. तुला झाला तसला."

तो आवळा चावत ऐकतोय.

कठडा संपतो तिथं वॉर्डच्या खुर्च्या सुरू होतात. ओळीनं सलाईनचे स्टँड. बाटल्यांच्या जागी माझे फिल्टरचे पांढरे डबे टांगलेत. नर्स येते, एका डब्याचं झाकण घट्ट करते, जाते. भरतेश खुर्चीत पाय वर घेऊन बसलाय, त्याची ती जुनी सवय.

"म्हणजे मला तू मारलंस."

"तसं वाटतं."

"एवढा मोठा कधी झालास रं तू?" तो हसतो. "क्रिकेटला एक बाटली आणि अकरा तोंडं असायची. आईनं मला घास चावून भरवलाय. तुझ्या तापाच्या आधीच कुणाचातरी लागला असंल. तुलाच मी दिला असंल."

"ते कळायला मार्ग नाही."

"शंभरातल्या किती जणांत असतो?"

"मोठ्या माणसांत नव्वदच्या वर."

"मग ह्या वॉर्डातल्या नर्सलाबी असंल. वॉचमनलाबी."

"असेल. नुसत्या विषाणूनं होत नाही. अजून कायकाय जुळून यावं लागतं. सगळं डॉक्टरांनाही माहीत नाही."

"मग मला कशाला विचारतोस? तू जेवढं वाचलंयस तेवढंच मला माहीत."

हे खरं आहे. त्याचे रिपोर्ट मीच वाचायचो, एका हातात डिक्शनरी उघडून.

मग तो डब्याकडे बघत विचारतो, "आईचं भांडं कुणी वेगळं केलं?"

"तिनंच."

"कशापायी?"

कुणीतरी तिच्या कानावर 'व्हायरस' घातलंय. तेव्हापासनं तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. कुठं गेली तर स्वतःचा पेला पिशवीत घालून नेते. संपदाचं, म्हणजे भरतेशच्या बहिणीचं, बाळ आठ महिन्यांचं झालं, तिनं एकदाही त्याचा पापा घेतला नाही. लांबनंच टाळ्या वाजवते. आपल्यातनंच पोराला गेलं, असं तिच्या डोक्यात आहे. मला तीनदा विचारलं, ती शेवटची ओळ काय म्हणते. मी तीनदा सांगितलं, काही नाही आत्ती, असंच लिहितात.

ओळ सांगायची तर माझा तापही सांगावा लागतो.

"तू तुझं तोंड वाचवलंस," भरतेश म्हणतो. रागानं नाही. सामान मोजल्यागत.

"व्हय."

"आणि ती एकटी जेवतीय."

"व्हय."

तो उरलेला आवळा माझ्या हातात ठेवतो. ओला आहे, गार आहे.

"खा."

मी सवयीनं शर्टाचं टोक ओढतो. तो बघतो आणि मान हलवतो. "कापडानं काय अडत न्हाई म्हणतोस, आणि परत तेच?"

तरी मी कापडावरनंच चावतो. आंबट. जबड्यापर्यंत.

पावणेचार. फोन जमिनीवर. शर्टाचा खालचा कोपरा माझ्या तोंडात आहे, थुंकीनं भिजलेला. बाहेर काढून बघतो. दातांच्या चार खुणा, स्पष्ट.

आत्ती लवकर आलीय. स्वयंपाकघरात आईशी बोलतीय. ओट्यावर तिचा पेला, काठाखाली लाल दोरा बांधलेला, कुणी चुकून उचलू नये म्हणून.

मी तो उचलतो, पाणी भरतो, तोंड लावून पितो.

"अरे, तो माझा हाय," ती अर्धवट उठते. "ठेव खाली. ठेव म्हणते ना."

"माहीत आहे. आत्ती, बस. फाईल दे. ती शेवटची ओळ सांगतो. माझ्या दहावीतल्या तापापासनं सांगावी लागंल, मधे बोलू नको."

ती बसते. फाईल देते. तिचं लक्ष माझ्या शर्टाकडे जातं.

"हे काय चावलंयस? लहान हाईस काय?"

मी सांगायला लागतो. ती ओला कोपरा मांडीवर घेते आणि ऐकता ऐकता अंगठ्यानं सरळ करत राहते. चार खुणा जात नाहीत.