कापसाच्या ढिगावरचा हात

कापूस भरलेली गाडी जवळून गेली, की त्या वासाने आमची बैठकीची खोली आठवते. त्या वर्षी यवतमाळला भाव पडला होता, म्हणून आमचा कापूस घरातच भिंतीला लावून रचला होता. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर पत्नीचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करताना तिला दुखायचं. म्हणून डोळे मिटून, सावकाश श्वास घेत, ती कापसाच्या ढिगाच्या मऊ उतारावरून तळवा वर सरकवायची. भाव थोडा सुधारला तेव्हा शेजारी म्हणाला, “मास्तर, कायची वाट पाहून राह्यले? कापूस पिवळा पडून राह्यला ना!” आतून तीच म्हणाली, “विकून टाका जी. मले आता भिंत पुरते.” ढीग गेला, त्या सकाळी तिने उंच खुंटीवरचा माझा सदरा स्वतः काढून दिला. ती गेल्यापासून त्या खुंटीवरून सदरा मीच काढतो.