रोवलेला देव

चितेगावच्या अलीकडं, पैठण रस्त्यापासून आत असलेल्या एका लहान गावात मल्हारी धनगराचा शब्द चालायचा. पिकं निघाल्यावर मेंढ्या कोणत्या दिवशी रानात सोडायच्या ते तो सांगायचा. गायरान कुठं संपतं नि शेतं कुठं लागतात, हा वादही त्याच्यापाशी येऊन मिटायचा. तो सरपंच नव्हता, शिकलेलाही नव्हता. पण हद्दीवरचा शेंदरी दगड म्हणजे मेंढ्यांमागं चालत आलेला बिरोबा, आणि तो पहिल्यांदा मल्हारीच्या बापाला दिसला, असं गाव मानत होतं.

खरी गोष्ट मल्हारीला ठाऊक होती. बहात्तरच्या दुष्काळात तो सात वर्षांचा होता. हद्दीवरून धनगर आणि शेतकऱ्यांची डोकी फुटली होती. एका पहाटे बापानं रस्त्याच्या कामावरचा दगड गाढवावर घालून आणला आणि रोवला. खड्डा आधीच खणलेला होता. कुणी खणला, हे पोरानं विचारलं नाही. बापानं तोंड मिटायला सांगितलं, ते त्यानं पन्नास वर्षं मिटलं. बायकोलाही कधी सांगितलं नाही.

मग इंद्रजीत सरपंच झाला. शेतकऱ्याच्या घरातला, शहरात नोकरीला रोज जाऊन येणारा, बोलायला मऊ. गायरानाला तारेचं कुंपण घालायचं म्हणून त्यानं सरकारी मोजणी आणली. मोजणीत शेतांची हद्द दगडाच्या पल्याड, गायरानात बारा पावलं निघाली. इंद्रजीत मल्हारीकडं येऊन चहा प्याला आणि म्हणाला की, कागद खोटा नाही, पण तुम्ही हो म्हटल्याबिगर गाव खुंट्या ठोकू देणार नाही.

दोन दिवस मल्हारीला जेवण गोड लागलं नाही. देवाचं नाव घेतलं असतं तर मोजणी तिथंच गुंडाळली गेली असती. पण आपल्या माघारी नातवंडांनी या खोट्यावर भांडावं, हे त्याला पटेना. ग्रामसभेत तो उठला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

जिचं शेत दगडाला लागून होतं ती साळूबाई, ऐंशीला टेकलेली, बसल्या जागेवरून बोलली.

"मला ठावं हाय. खड्डा माझ्या सासऱ्यानं खणला व्हता."

इंद्रजीतनं विचारलं, "मंग आजी, पाया कशाला पडता?"

"दोघांनी मिळून रोवला म्हणून. एकल्यानं रोवला असता तर कवाच उपटला असता."

मल्हारीला हलकं वाटायला हवं होतं, पण त्याला राग आला. जे ओझं तो एकटा वाहत होता, ते शेजारच्या घरातही होतं आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हद्द दगडावरच ठेवायचा ठराव झाला. तिघांनी सही केली नाही. त्यातला एक इंद्रजीतचा चुलता. त्यानं आपली बारा पावलं नांगरली. कागद त्याच्या बाजूनं होता, त्याला कुणी अडवलं नाही, आणि पुढं त्याच्या बांधावर कुणी बसायलाही गेलं नाही.

मेंढ्या सोडायचा दिवस मल्हारीला पुन्हा कुणी विचारला नाही. तो सभेत ठरू लागला. पहिल्या साली त्यासाठी तीन सभा घ्याव्या लागल्या, दुसरीत तर शिवीगाळ झाली. शेवटी जो बुधवार ठरला, तो मल्हारीनं मनात धरलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशीचा होता. कळप सोडायच्या यादीत त्याचा नंबर पाचवा लागला. पुढचे चार कळप रानात शिरेपर्यंत तो रस्त्याच्या कडेला तंबाखू मळत बसून राहिला.