बैल उठताना बघावा

विकत घ्यायच्या वस्तूचा जेवढा अपमान माझे साडू करतात, तेवढा या भूतलावर दुसरं कोणी करत असेल असं मला वाटत नाही. शहापूरच्या बाजारात त्यांनी कलिंगड हातात घेतलं की विकणारा तोंड फिरवून उभा राहतो. माझी थोरली मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, अजून सांगते, की मुलगी बघायला आलेल्या या गृहस्थांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलंच नाही. चहाचा कप तेवढा उजेडात धरला आणि "कानाला बारीक तडा गेलाय" एवढं बोलून ते उठले. ती नाकीडोळी नीटस होती हे त्यांना बहुधा लग्नानंतरच कळलं असावं.

पण कलिंगड, कपबशी ही सगळी किरकोळ कामं. साडूंनी खरा छळ राखून ठेवला तो जुन्या मोटारींसाठी, आणि त्यातही एकाच जातीच्या. बुटकी, लांब नाकाची, रस्त्याला पोट टेकवून पळणारी स्पोर्ट्स सेडान. साडू भातसानगरला धरणाच्या दारांवर नोकरीला होते. ऐन तारुण्यात तिथल्या कॉलनीतल्या एका इंजिनिअर साहेबांनी आपली तसली काळी गाडी त्यांना एकदा, फक्त एकदाच, शहापूरपर्यंत चालवायला दिली. झालं. तेव्हापासून "घेईन तर तीच" हा एकच जप. ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला, त्यामुळे मिळणार ती जुनीच. जुनी म्हणजे साडूंच्या लेखी गुन्हेगार. आणि गुन्हेगाराच्या दारापर्यंत जायला वाहन माझं. अकरा वर्षं या माणसानं माझे रविवार नासवले. माझी गाडी उंचशी, बाळबोध, शोरूममध्ये जाऊन तासाभरात घेतलेली. तिच्यात फुकट बसून ते जाता-येता तिलाच नावं ठेवत. "मास्तर, तुमचा क्लच रडतोय." "मास्तर, ही मोटार हाय का पिठाचा डबा?" मी शाळेत मास्तर होतो, त्यामुळे मूर्खांना सहन करण्याची मला सवय होती.

या सगळ्याचं मूळ म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत आहे. साडूंचे वडील तिथले बैलांचे नावाजलेले पारखी. बैल घ्यायचा तर लोक त्यांना मुद्दाम सोबत नेत. ते दात बघत, खूर बघत, पण निकाल देत तो एकाच गोष्टीवर. "चालताना काय बगायचा? चालताना समदेच चालतात. बैल उठताना बगावा." मग बसलेल्या बैलाला उठवायचं, तो गुडघ्यांवर किती रेंगाळतो ते बघायचं, आणि मगच हो किंवा नाही. साडूंनी ही विद्या जशीच्या तशी मोटारीला लावली. गाडी थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करायची, त्यात तिचं खरं दुखणं कळतं. म्हणून आम्ही न कळवता, लोकांच्या आंघोळीच्या वेळी जाऊन उभे राहायचो, आणि नमस्काराच्या आधी साडूंचा तळवा बॉनेटवर जायचा. कोमट लागलं की "आदीच उठवून ठेवलीय" म्हणून माघारी. खर्डीच्या एका मालकाकडे असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो टॉवेलवरच बाहेर आला आणि म्हणाला, "तुमी गाडी बगायला येता का तिचा ताप बगायला?"

बॉनेट थंड निघालं तर पुढचा छळ. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक निघायचं. ते पत्र्यावरून फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे अपघात होऊन पुट्टी भरलेली. ऑइलचं झाकण उलटं करून खाली साय धरली आहे का बघायचं, म्हणजे इंजिनात पाणी. मग गालिच्याला नाक लावायचं, गाडी पुरात बुडाली होती का ते हुंगायला. हे करताना त्यांचा मागचा भाग दाराबाहेर असे आणि मालकाच्या घरातली बायकामाणसं खिडकीत. शेवटी पेडल. "मास्तर, मीटर खोटं बोलतो. पेडलाचं रबर नाय बोलत." मीटरवर आकडा कोवळा आणि रबर गुळगुळीत दिसलं की साडूंचा चेहरा असा खुले, की गाडी घ्यायला नव्हे, नाकारायलाच हा माणूस जन्माला आला आहे, अशी माझी खात्री पटली होती. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही. ते म्हणाले, "एकच घ्यायचीय. ती खोटी निघाली तर परत कुठला जलम?"

मागच्या हिवाळ्यात मुरबाडहून म्हशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाडी निघाली. काळी. मालक वारलेले, त्यांच्या पत्नीने ती पडवीत चादरीखाली ठेवली होती आणि सर्व्हिसचा प्रत्येक कागद फायलीत लावला होता. "ह्यांनी कुनाला हात लावू दिला नाय," बाई म्हणाल्या. साडूंनी तळवा ठेवला. बॉनेट गार. चुंबक चारी बाजूंनी चिकटलं. झाकण कोरडं, गालिचा कोरडा, रबराच्या रेघासुद्धा शाबूत. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात उठली. मी शेजारी बसलो. त्यांनी ती म्हशापर्यंत नेली आणि परत आणली, आणि सबंध वाटेत त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो पाहून मला माझ्या अकरा वर्षांच्या चेष्टेची लाज वाटली.

पडवीपुढे गाडी थांबली. बाई चहा ठेवायला आत गेल्या. साडूंनी दार उघडलं, उजवा पाय बाहेर टाकला, आणि तिथेच अडकले. सीट जवळजवळ जमिनीला लागलेली. धरणाचे जिने तीस वर्षं चढून-उतरून झिजलेले गुडघे त्यांना वर उचलेनात. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा छताला धरून. शेवटी मी दोन्ही हात पुढे केले आणि त्यांना ओढून उभं केलं. ते दाराला धरून उभे राहिले.

"उठताना बगावा, म्हनायचा बाप," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मागून काहीतरी आवाज येत होता. मला ऐकू आला."

"खोटं बोलू नका, मास्तर. हिच्यात कायपन खोट नाय."

बाईंनाही त्यांनी तेच सांगितलं. कप उजेडात न धरता चहा प्यायले, चादर स्वतः नीट घातली आणि म्हणाले, "वहिनी, घेणारा तरणा बगा. त्याला आदी हिच्यात बसवा, नि उठताना बगा."

शहापूर येईपर्यंत मी मुद्दाम दोनदा गिअर खरखरवला. साडूंनी माझ्या गाडीला एकही नाव ठेवलं नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.