खोटं पकडायचं मशीन

आमच्या खोलीत पाय ठेवणारा माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, शॉक देणार का. नाही हो, म्हणते मी, आम्ही देत काहीच नाही, फक्त घेतो. डोक्यात जी बारीकशी वीज आपली आपण चालू असते, ती वायरी चिकटवून पडद्यावर उतरवून घ्यायची, त्याला ईईजी म्हणतात. एवढं सांगितलं तरी माणूस दारातच घुटमळतो. लहान मुलांच्या हॉस्पिटलात हे काम करता करता माझे केस पिकले, हुद्द्यापुढे 'सीनियर' लागलं, पण ताथवड्याच्या आमच्या सोसायटीचा वॉचमन मला अजून 'वायरवाल्या मॅडम' म्हणतो आणि केबल बंद पडली की माझ्याच दाराची बेल वाजवतो.

त्या सकाळी चाकणच्या बाजूच्या एका गावातून दोन गाड्या भरून माणसं आली. जुनं शेतकरी घर, निम्मी जमीन आता कंपन्यांच्या शेडखाली गेलेली. पेशंट एकच, दुसरीतली मुलगी. बाकी आई, आजोबा, आजी, चुलता, चुलती, आत्या आणि कोण कोण, मी मोजायचं सोडून दिलं. वडील तेवढे पहिल्या शिफ्टला गेले होते.

"एका मुलीबरोबर एवढे सगळे कशाला?" मी विचारलं.

"इथनं तसंच हॉस्टेलला सोडायला जायचंय ना मॅडम," चुलता म्हणाला. "पेटी डिकीत हाय."

मग आजोबांनी सगळं सांगितलं. पांढरी टोपी, खणखणीत आवाज, घरात त्यांच्यापुढे कुणी बोलत नसणार हे दिसतच होतं. नात मधेच भिंतीकडे बघत बसते. हाक मारली तर ओ देत नाही. दुधाचं पातेलं हातातून सोडून देते. शाळेत बाईंनी विचारलं की गप्प, आणि क्षणात पुन्हा जशीच्या तशी, वर आपल्यालाच विचारते काय झालं म्हणून. "येकदा हात बी उचलला मी," ते म्हणाले. "फरक न्हाई. नाटकी हाय पोरगी. हॉस्टेलात शिस्त लागंल." मुलीची आई चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. पोरगी नाटक करत नाही असं तिचं म्हणणं, आणि हट्टानं तिनंच तिला आमच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. घरात शेवटी ठरलं ते असं, की तपासणी करायची, काही निघालं नाही तर गाडी थेट हॉस्टेलकडे.

"मशिनीवर खोटं दिसतं ना?" आजोबांनी मला विचारलं. "तेवढं बघा, की निघालो आमी."

"आजोबा, हे खोटं पकडायचं मशीन नाही."

"मंग एवढ्या वायरी कशाला?"

मी वायरींचा गुंता सोडवायला घेतला. चुलत्यानं मात्र आपली खुर्ची गुपचूप दाराकडे सरकवली आणि हळूच मला विचारलं, "मॅडम, लांबनं बी धरतं का हे?" काही धरत नाही, असं मी सांगितलं. पुनावळ्याचा कुठलासा प्लॉट आणि तो, यांचा काही संबंध नसल्याचं त्यानं मी न विचारताच सांगून टाकलं. आजोबांनी मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं.

आता आमच्या कामात एक गोम असते. थोडं रेकॉर्डिंग झोपेत घ्यायचं असतं, म्हणून आदल्या रात्री मुलाला कमी झोपवा असं आम्ही सांगतो. या घरानं ती सूचना सबंध घरासाठी घेतली. पोरगी एकटी कशी जागेल म्हणून सगळेच जागले. पत्ते झाले, भजी झाली, पहाटे गाडी काढून तिला आळंदीला फिरवून आणलं. परिणाम असा, की माझ्या बाकावर अख्खं खानदान एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपलं, चुलता घोरायला लागला, आणि जिला झोपवायचं ती पोरगी टक्क जागी, मजेत पाय हलवत बसलेली.

तिच्या डोक्याला हात लावला आणि माझा पारा चढला. तेल. डोकं धुऊन आणा, तेल लावू नका, हे मी स्वतः फोनवर सांगितलं होतं. "धुतलं की," आजी डोळे न उघडता म्हणाली. "धुऊन मग लावलं. कोरड्या डोक्यानं परक्या गावाला कशी धाडायची पोर?" तेलावर आमच्या वायरी चिकटत नाहीत. मी पोरीला उचललं आणि शेजारच्या बेसिनपाशी नेलं.

शाम्पूच्या फेसात ती आधी खिदळली. मग एकदम म्हणाली, "मला न्हाई जायचं हॉस्टेलला."

"का गं?"

"तिथं आई न्हाई." कानातला फेस पुसत ती म्हणाली, "मी मुद्दाम न्हाई करत काय. पण आबा म्हणतात करती. मंग करत असंल."

मला भयंकर राग आला. कुणाचा ते मलाही नीट सांगता यायचं नाही. आठेक वर्षांचं लेकरू स्वतःवरच संशय घ्यायला शिकलं होतं. मी तिचं डोकं गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत राहिले.

वायरी लावल्या. पडद्यावर बारीक बारीक रेषा हलायला लागल्या, जशा हलायला हव्यात तशा. अशा मुलांसाठी माझ्याकडे कागदाचं एक भिरभिरं असतं. जोरजोरात श्वास सोडून ते फिरवत राहायचं. तिला खरंच मधेच भान हरपायचं दुखणं असेल तर भराभर घेतलेल्या श्वासानं ते बाहेर येतं. आणि ते आलं की त्याच क्षणी मी मोठ्यानं एक शब्द बोलते. मूल भानावर आलं की विचारते, मी काय म्हटलं? सांगता आलं तर ते तिथं होतं. नाही सांगता आलं तर नव्हतं. प्रत्येकाचा आपला शब्द असतो. माझा 'दोडका'.

पोरगी फुंकत होती, भिरभिरं गरगरत होतं. आणि थांबलं. तिचे डोळे समोर कुठंच न बघता उघडे, ओठ तसेच. पडद्यावर सगळ्या रेषा एकदम उसळल्या, एका तालात. इतक्या वर्षांत ते शेकडो वेळा बघितलंय.

"दोडका," मी मोठ्यानं म्हटलं.

काही क्षणांत रेषा पुन्हा बारीक झाल्या आणि तिनं भिरभिरं फुंकलं, जसं मधे काही घडलंच नव्हतं.

"मघाशी मी काय म्हटलं गं?" मी विचारलं. तिनं तोंड उघडायच्या आत बाकावरून सगळं खानदान एका सुरात म्हणालं, "दोडका." आजीनं तर डोळेसुद्धा उघडले नाहीत.

मी कपाळावर हात मारला. आजोबा मात्र खूश. "बघा. झोपलेल्याला ऐकू आलं, आन् हिला जागीला न्हाई? म्हणजे नाटकच हाय की."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "उठा," मी म्हटलं. "सगळे बाहेर. चहा प्या, कँटीन खाली आहे." चुलता सगळ्यांत आधी बाहेर पडला, मशीनपासून सुटका झाल्यासारखा. खोलीत राहिली आई, आणि आजोबा. ते हलायला तयार नव्हते. "नात माझी हाय. मी बघणार."

"मग काम करा," मी म्हटलं. "या वेळी शब्द तुम्ही बोला. काय वाटेल ते. तुम्हाला वाटतं ना ती ऐकून न ऐकल्यासारखं करते? मग असं काहीतरी बोला, की ऐकलं तर तिला गप्प बसताच येणार नाही."

म्हातारा हुशार. जमिनीच्या व्यवहारात समोरच्याला कशानं बोलतं करायचं, हे आयुष्यभर केलेला माणूस. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि मान हलवली. पोरीला थोडी विश्रांती दिली, पाणी पाजलं आणि भिरभिरं पुन्हा हातात दिलं. ती दमली होती, तरी बिचारी फुंकत राहिली.

भिरभिरं थांबलं. रेषा उसळल्या. मी आजोबांना खूण केली.

ते तिच्या तोंडासमोर वाकले आणि स्पष्ट म्हणाले, "हॉस्टेल रद्द. पेटी उतरवतो. तू घरीच ऱ्हा, आईपाशी."

पोरीची पापणी हलली नाही. आजोबा वाट बघत तसेच वाकून राहिले. मग त्यांनी तिला नावानं हाक मारली, आधी जोरात, मग हळू. तिचे डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांत आजोबा नव्हते. मला वाटतं त्यांनी तिच्याकडे असं इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं असेल.

भिरभिरं फिरायला लागलं.

"आजोबा काय म्हणाले आत्ता?" मी विचारलं.

"आबा?" तिनं वर बघितलं. "आबा कधी बोलले?" मग त्यांचा चेहरा बघून ती घाबरली. "मी फुंकलं ना नीट? थांबले न्हाई मी."

आई भिंतीकडे तोंड करून रडली. मी डॉक्टरांना बोलावलं, निदान सांगणं माझं काम नाही. त्यांनी आलेख बघितला आणि साध्या भाषेत सांगितलं की ही फिटच आहे, लहानशी, जिच्यात मूल खाली पडत नाही अशी. तेवढा वेळ ती तिथं नसतेच. बऱ्याच मुलांचं हे गोळ्यांनी आटोक्यात येतं. हिनं काही मुद्दाम केलेलं नाही. आजोबा सगळं उभ्यानं ऐकत होते. डॉक्टर गेल्यावर ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

मग ते नातीला म्हणाले, "हॉस्टेल रद्द. घरीच ऱ्हायचं तू."

या वेळी तिनं ऐकलं. पण हरखली वगैरे नाही. त्याच घरातली पोर ती. तिनं डोळे बारीक केले आणि मला म्हणाली, "आबांना लावा वायरी."

"अगं, हे तसलं मशीन नाही."

"लावा," आजोबा म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोकं माझ्यापुढे वाकवलं. टकलावर तेल चकाकत होतं. मी ते पुसलं, एक वायर घेतली आणि कपाळाच्या वर चिकटवली. तिचं दुसरं टोक माझ्या हातातच होतं, ते मी गुपचूप उशीखाली सारलं. दारातून चुलता डोकावला, आजोबांच्या डोक्याला वायर बघितली आणि आल्या पावली परत गेला.

"म्हणा आता परत," पोरगी म्हणाली.

"हॉस्टेल रद्द," आजोबा म्हणाले. आवाज खणखणीत राहिला नव्हता.

पोरीनं माझ्याकडे बघितलं. सकाळपासून घसा फोडून सांगत होते की हे खोटं पकडायचं मशीन नाही. मी पडद्याकडे बघितलं. तिथं तिच्याच रेषा होत्या, बारीक, शांत.

"खरं बोलतायत," मी म्हटलं.

तिनं भिरभिरं मांडीवर ठेवलं. "मंग आबा, हाक मारली ना, की दोनदा मारायची. पहिल्याला मी नसले तर दुसऱ्याला येते."

"व्हय," आजोबा म्हणाले.

तिनं पुन्हा माझ्याकडे बघितलं. मीही पुन्हा पडद्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली.